संसार, संस्था आणि साहित्य : कादंबरीकार हरिभाऊ आपटे

मराठी कादंबरीला घडीव रूप देणारे थोर लेखक म्हणून कै. हरि नारायण आपटे यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु लेखन हा त्यांचा एकमेव व्यवसाय कधीच नव्हता, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. नोकरी-व्यापार आणि घरसंसार सांभाळून लेखणी धरू पाहणाऱ्या आपल्या परिसरातील बंधु-भगिनींनी हे चरित्र त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

हरिभाऊंचा जन्म 8 मार्च 1864 रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. मातृछत्र लहानपणीच हरपले. बालपण मुंबईत गेले व पुढे ते पुण्यास आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, आगरकर, टिळक अशा गुरुजनांचा सहवास लाभला. विष्णुशास्त्र्यांच्या निधनानंतर 1882 मध्ये त्यांनी विलापकाव्य रचले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. महाविद्यालयीन शिक्षण मात्र पदवीपर्यंत पोहोचले नाही. 1885 मध्ये ‘मधली स्थिती’ ही कादंबरी ‘पुणे वैभव’ पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. पदवी हुकली तरी लेखणी हाती आली होती.

त्यांचे चुलते, सुप्रसिद्ध वकील महादेव चिमणाजी आपटे, यांनी 1888 मध्ये पुण्यात आनंदाश्रम संस्था स्थापन केली. संस्कृत हस्तलिखिते मिळवणे, जतन करणे आणि शुद्ध करून छापणे हे तिचे कार्य. ग्रंथभांडारे जिवापाड जपणाऱ्या जैन समाजाला या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको. संस्थेच्या व्यवस्थापनाचा भार हरिभाऊंनी पत्करला तो आयुष्यभरासाठी. अप्पा बळवंत चौकानजीक ही वास्तू आजही उभी आहे.

संस्थेचे काम अंगावर असतानाच 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याचा तगादा. घरी आजारपण असो वा संस्थेत हिशेबाची घाई असो, कादंबरीचा पुढचा भाग छापखान्यात गेलाच पाहिजे. ‘पण लक्षात कोण घेतो’ अशीच प्रकरणा-प्रकरणाने वाचकांपुढे आली. तिची नायिका यमू आपली कहाणी स्वतः सांगते. एकत्र कुटुंबात स्त्रीची होणारी घुसमट लेखकाने दुरून पाहिलेली नव्हती. पहिल्या पत्नीस शिकवण्याच्या त्यांच्या प्रयत्नाला घरातूनच विरोध झाला होता, आणि पुढे तिचा अकाली वियोगही त्यांना सोसावा लागला. संसार लेखनाच्या आड आला असे म्हणावे, तर त्याच संसाराने ही कादंबरी दिली असेही म्हणावे लागते!

त्यापाठोपाठ ‘मी’ आणि शिवकालावरील ‘उषःकाल’ या कादंबऱ्या आल्या. ‘उषःकाल’ 1897 मध्ये पूर्ण होत असताना पुणे शहर प्लेगने हवालदिल झाले होते. पुढील काळात हरिभाऊ नगरपालिकेचे सभासद व नंतर अध्यक्षही झाले. नामदार गोखले यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता आणि सार्वजनिक कामाची ओढ मनापासून होती. 1912 मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

या सर्व व्यापाची किंमत त्यांनी दिली नाही असे नाही. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘सूर्यग्रहण’, ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांतही पाल्हाळ आहे, रचना सैल आहे, ही टीका समीक्षकांनी केली व ती निराधार नाही. दर आठवड्यास मजकूर पुरवणाऱ्यास मागील प्रकरण पुन्हा घडवण्याची सवड कोठून मिळणार? तथापि सर्व जबाबदाऱ्या बाजूस सारून त्यांनी केवळ लेखन केले असते, तर यमूसारखी जिवंत व्यक्तिरेखा त्यांच्या हातून उतरली असती का, याविषयी शंका वाटते. निवांतपणा मिळाला असता, पण माणसे इतक्या जवळून भेटली नसती.

आनंदाश्रमाची जबाबदारी त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’ ही त्यांची अखेरची पूर्ण कादंबरी ठरली. 3 मार्च 1919 रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.