डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांनी घर सोडले तो दिवस

डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. आफ्रिका खंडातील त्यांचा प्रवास आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी केलेली खटपट ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही ते सर्व बाजूस ठेवून त्यांनी आईबापांचे घर सोडले त्या दिवसाकडे वळतो. कारण शिक्षणास अगर कामास मुलगा परगावी धाडणाऱ्या कुटुंबांस तोच भाग अधिक जवळचा वाटेल.

स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी कापसाची गिरणी होती, आणि गिरणीच्या कामकऱ्यांसाठी बांधलेल्या चाळीत एका खोलीत हे कुटुंब राहत असे. तेथे 19 मार्च 1813 रोजी डेव्हिडचा जन्म झाला. बाप नील हा गावोगाव फिरून चहा विकी. मिळकत थोडी, म्हणून दहाव्या वर्षी मुलास गिरणीत घातले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम. आपली पहिली कमाई त्याने आईच्या पदरात टाकली, आणि पहिल्या आठवड्याच्या मजुरीतील काही भाग खर्चून लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले. काम सुटल्यावर तो रात्रीच्या शाळेत जाई व घरी येऊन पुनः वाचीत बसे. शेवटी मध्यरात्री आई ॲग्नेस त्याच्या हातून पुस्तक काढून घेई.

बाप भाविक, पण शिस्तीचा कडक. दिवेलागणीस घराचे दार आतून बंद होत असे. एकदा डेव्हिडास उशीर झाला व दार बंद झालेले आढळले. त्याने हाक मारली नाही की रडणे केले नाही. कोठून तरी भाकरीचा तुकडा मिळवून तो उंबऱ्याशीच रात्र काढावयास बसला. आईने त्यास पाहिले तेव्हा तो आत आला. पुढे बापाने सांगितलेले एक धर्मपुस्तक वाचण्याचे त्याने साफ नाकारले, त्याबद्दल त्याने छडीचा मारही खाल्ला. मुलास शास्त्रांची व प्रवासाची पुस्तके आवडत, आणि अशा पुस्तकांनी पोर बिघडेल अशी बापास धास्ती वाटे. थोर पुरुषांच्या घरी असले तंटे होत नसतात, असे कोणी समजू नये. सृष्टीचे शास्त्र व देवाचा धर्म ह्यांत वैर नाही, हे टॉमस डिक ह्यांचे पुस्तक वाचून डेव्हिडच्या मनात ठसले, तेव्हा ती अढी सुटली.

पोटापुरते ठेवून बाकीची कमाई मिशनकार्यास द्यावी, असा त्याचा पहिला बेत होता. पुढे चीन देशात वैद्यांची गरज आहे हे वाचून, आपणच वैद्य होऊन जावे असे त्याने ठरविले, आणि त्याच कडक बापाने त्यास आडकाठी केली नाही. 1836 सालच्या हिवाळ्यात बापलेक बर्फ तुडवीत पायी ग्लासगो शहरी गेले आणि स्वस्त बिऱ्हाड शोधीत दिवसभर हिंडले. अखेर आठवड्यास दोन शिलिंग भाड्याची खोली मिळाली. बाप परत फिरल्यावर तेवीस वर्षांच्या त्या तरुणास फार एकटे वाटले. त्यात घरवाली त्याचा चहा व साखर परस्पर काढून घेई, म्हणून त्याने लवकरच दुसरे बिऱ्हाड पाहिले. हिवाळ्यात शिकावे आणि उन्हाळ्यात गिरणीत राबून पुढच्या फीची तजवीज करावी, असा त्याचा क्रम होता.

लंडन मिशनरी सोसायटीने त्यास घेतले तरी वाट सोपी झाली नाही. एके संध्याकाळी एका मंडळीत उपदेशास तो उभा राहिला, शास्त्रवचन वाचले, आणि पुढचे सर्व विसरला. विसरलो असे कबूल करून तो तसाच देवळाबाहेर निघून गेला. त्यास परत पाठवावे असा विचार चालला होता. पण कोणी रदबदली केली म्हणून आणखी काही महिने मिळाले.

दरम्यान अफूच्या लढाईमुळे चीनची वाट बंद झाली आणि आफ्रिका ठरली. 1840 सालच्या नोव्हेंबरात घरच्यांचा निरोप घेण्यास त्यास एकच रात्र मिळाली. सारी रात्र बोलत बसावे असे त्याच्या मनात होते, पण आईने ते चालू दिले नाही. 17 तारखेस सर्व मंडळी पहाटे पाचास उठली. आईने कॉफी केली. डेव्हिडाने 121 वे व 135 वे ही स्तोत्रे वाचून प्रार्थना केली, आणि बापलेक पुनः त्याच वाटेने ग्लासगोस चालत निघाले. ब्रूमीलॉच्या धक्क्यावर लिव्हरपूलला जाणारी आगबोट उभी होती. तेथे दोघांची ताटातूट झाली, ती ह्या जगात कायमचीच.

सोळा वर्षांनी, 1856 सालच्या डिसेंबरात, डॉक्टर साहेब स्वदेशी परतले. नील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. हॅमिल्टन येथील घरी बापाची रिकामी खुर्ची दृष्टीस पडताच ह्या धीराच्या पुरुषास रडू आवरले नाही.

एक गोष्ट आम्हांस लिहावीशी वाटत नाही, पण लिहिली पाहिजे. 1852 साली त्यांनी पत्नी मेरी व मुले ह्यांस विलायतेस पाठवून दिले, आणि मुले बहुतेक बापावाचून वाढली. थोरला रॉबर्ट बापास शोधीत नाताळ वसाहतीपर्यंत आला, पण भेट झाली नाही. मग तो अमेरिकेस गेला, खोट्या नावाने तेथील यादवी युद्धात शिपाई झाला, आणि 1864 सालच्या डिसेंबरात शत्रूच्या बंदिवासात अठराव्या वर्षी मरण पावला. नीलने आपल्या मुलास धक्क्यापर्यंत सोबत केली. रॉबर्टास बापाची तशी सोबत मिळाली नाही. आपण मुलांबरोबर खेळलो नाही, ह्याचा खेद साहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

1858 साली ते पुनः आफ्रिकेस निघाले, तेव्हा आई म्हणाली होती की आपले मस्तक थडग्यात ठेवावयास आपल्या मुलांपैकी एक तरी जवळ असावा. त्या वेळी ही गोष्ट घडण्याजोगी दिसत नव्हती. 18 जून 1865 रोजी ॲग्नेस वारली. त्या दिवसांत साहेब इंग्लंडातच होते. दुसऱ्या दिवशी तार मिळताच ते निघाले, आणि आईस मातीत ठेविले तेव्हा ते तेथे होते.