स्वमग्न मुलांचे डॉक्टर : लिओ कॅनर

आपल्या पत्रिकेत संतांची, समाजसुधारकांची आणि शास्त्रज्ञांची चरित्रे येत असतात. या वेळी आम्ही एका डॉक्टरांचे चरित्र देत आहोत. ते कधी बेल्लमपल्लीला आले नाहीत, पण ज्या मुलांची ओळख त्यांनी जगाला करून दिली ती मुले आपल्या गावातही आहेत. हाक मारली तरी वळून न पाहणारे, नजरेला नजर न देणारे, खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसणारे मूल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठेतरी पाहिले असेल. अशा घरात आजी म्हणते की याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारीण दृष्ट काढायला सांगते. कोणी नवस बोलतो. यात दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि नेमकी तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात. या अवस्थेला आज स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात.

लिओ कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील ब्रॉडी शहराजवळच्या एका खेड्यात, ज्यू कुटुंबात झाला. हा भाग आता युक्रेनमध्ये आहे. मुलाला कवी व्हायचे होते, पण त्याच्या कविता कोणी छापेना. मग बर्लिन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. मध्येच पहिले महायुद्ध आले आणि त्यांना सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत जावे लागले. १९२१ मध्ये ते एम.डी. झाले. सुरुवातीचे काम हृदयरोगाचे होते. १९२४ मध्ये पत्नी आणि लहान मुलीला घेऊन ते अमेरिकेला गेले आणि साउथ डकोटा राज्यातील यँक्टन येथील सरकारी मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोविकारांचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. रुग्णांमध्ये राहून आणि पुस्तके वाचून ते हा विषय शिकले. पुढे आयुष्यभर इतरांना शिकवणारा हा माणूस स्वतः असा शिकला, हे आम्हाला विशेष वाटते.

१९२८ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. १९३० मध्ये तेथील मुलांच्या रुग्णालयात बालमनोविकारांचा विभाग सुरू करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळी मुलांचा डॉक्टर ताप, खोकला, जुलाब पाहायचा. मूल बोलत का नाही, झोपेतून किंचाळत का उठते, शाळेत का रमत नाही, हे आपले काम आहे असे त्याला वाटत नसे. डॉ. कॅनर यांनी बालरोगतज्ज्ञांनाच हे पाहायला शिकवले. त्यांचे १९३५ चे ‘चाइल्ड सायकियाट्री’ हे या विषयावरचे इंग्रजीतील पहिले पाठ्यपुस्तक. त्याच्या आवृत्त्या १९७२ पर्यंत निघत होत्या.

ते केवळ पुस्तकी डॉक्टर नव्हते. बाल्टिमोरमध्ये एक वकील मतिमंद मुलींना सरकारी संस्थेतून कोर्टाच्या आदेशाने सोडवून आणत असे आणि श्रीमंतांच्या घरी जवळजवळ फुकट राबायला देत असे. अशा अनेक जणींचा त्यांनी माग काढला आणि १९३७ मध्ये हे प्रकरण डॉक्टरांच्या परिषदेत उघड केले. हिटलरच्या छळातून सुमारे दोनशे ज्यू डॉक्टरांना बाहेर काढून अमेरिकेत कामाला लावण्यासाठीही ते झटले.

१९३८ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावातून त्यांना एक पत्र आले. तेहतीस पानांचे! डोनाल्ड ट्रिपलेट या पाच वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी ते लिहिले होते. मुलगा आकडे आणि गाणी पाठ म्हणतो, पण आई आली काय, गेली काय, त्याला फरक पडत नाही. वस्तू गरगर फिरवण्यात रमतो. स्वतःला ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणतो. रोजच्या क्रमात थोडा बदल झाला तरी आकांत करतो. डॉक्टरांनी मुलाला तपासले, पुढेही पाहत राहिले आणि मग तसलीच आणखी मुले त्यांच्या लक्षात येऊ लागली. १९४३ मध्ये त्यांनी आठ मुलगे आणि तीन मुली अशा अकरा जणांवर निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेचा अभ्यास त्या निबंधापासून जगभर पसरला. न्यायाने सांगायचे तर रशियातील डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा मुलांचे वर्णन त्याआधीच, १९२५-२६ च्या सुमारास, केले होते. व्हिएन्नाच्या डॉ. हान्स ॲस्परगर यांचा निबंध १९४४ चा. व्हिएन्नात काम केलेले डॉ. जॉर्ज फ्रँकल तर कॅनर यांच्याच विभागात होते आणि त्यांनी डोनाल्डला तपासले होते. मान मात्र बहुतेक एकट्या कॅनर यांना मिळाला.

पण याच डॉक्टरांच्या हातून एक मोठा अन्यायही झाला. ज्या पत्राच्या आधारे निदान उभे राहिले, त्या पत्रातला बारकावाच त्यांना बापाच्या विक्षिप्तपणाची खूण वाटला. हा दोष जन्मजात असावा असे १९४३ मध्ये लिहूनही १९४९ पर्यंत त्यांनी आईबापांच्या थंड, यांत्रिक वागण्यावर बोट ठेवले. खरे तर दूरवरून बाल्टिमोरपर्यंत येऊ शकणारे पालक शिकलेले, मोजून-मापून बोलणारे असणारच. इतरांनी हे मत आणखी ताणले आणि वीस वर्षे आयांना मुलाच्या दुखण्याबरोबर अपराधाचे ओझेही वाहावे लागले. अखेर १९६९ मध्ये पालकांच्या एका संमेलनात डॉ. कॅनर यांनी सर्वांसमोर आईबापांना निर्दोष ठरवले. आज स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि मुख्यतः आनुवंशिकतेत आहे हे मानले जाते. आईने प्रेम कमी केले म्हणून ती होत नाही.

उपचारांबद्दल त्यांनी सांगितलेली सर्वांत सुंदर गोष्ट रुग्णालयातली नाही, शेतावरची आहे. डोनाल्डला त्याच्या आईवडिलांनी काही वर्षे गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले होते. १९४५ मध्ये डॉक्टर तिथे गेले. मुलाला मोजण्याचे वेड होते, तर त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावले आणि खोली मोजून सांगायला सांगितले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता ओळी मोज म्हटले. डॉक्टरांच्या देखत त्याने घोडा आणि नांगर व्यवस्थित चालवला. मका तर आपल्याकडेही पिकतो. त्या दोघांनी वेड मोडून काढले नाही, त्याला कामाला जुंपले. त्यांनी कसलेही प्रशिक्षण घेतलेले नव्हते, तरी डॉक्टर त्यांच्या शहाणपणाने थक्क झाले.

१९७१ मध्ये डॉ. कॅनर यांनी त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला. मोठ्या सरकारी संस्थांमध्ये टाकलेली मुले होती ते कौशल्यही गमावून बसली होती. डोनाल्ड बँकेत नोकरी करत होता. पुढे तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकटा देशोदेशी फिरे. तो २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी वारला. डॉ. कॅनर ३ एप्रिल १९८१ रोजी गेले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८४ मध्ये, आपल्याजवळ सिकंदराबादला बौद्धिक अपंगत्वाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे विशेष शिक्षकांना प्रशिक्षण मिळते. भारतीय मुलांसाठी स्वमग्नता मोजण्याची चाळीस मुद्द्यांची तपासणीही याच संस्थेने तयार केली. मूल नजर देते का, हाकेला वळते का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते का, असे मुद्दे त्यात आहेत. रक्त तपासून किंवा फोटो काढून हे निदान होत नाही. प्रशिक्षित माणसाने मुलाला निवांत पाहावे लागते आणि आईचे सगळे ऐकून घ्यावे लागते. स्वमग्नता मुळापासून काढून टाकणारे औषध नाही. वाचा-उपचार, व्यवसाय-उपचार आणि विशेष शिक्षण लवकर सुरू झाले तर मूल पुष्कळ शिकते. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता हे स्वतंत्र अपंगत्व मानले आहे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते. ज्या पालकांना शंका असेल त्यांनी मुलाचे वागणे आठवडाभर वहीत टिपून ठेवावे आणि ती वही घेऊन सिकंदराबादची गाडी धरावी. तेहतीस पानांची गरज नाही, चार पानेही पुरतील.