बेंटली : कारच्या आधी विमान

बेंटली म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? रीलमधली कोट्यवधींची कार, बरोबर? पण वॉल्टर ओवेन बेंटलीचं नाव लागलेलं पहिलं इंजिन कारचं नव्हतं, लढाऊ विमानाचं होतं.

जन्म 1888, लंडन. नऊ भावंडांत धाकटा. सोळाव्या वर्षी डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी, नंतर भावासोबत फ्रेंच गाड्या विकण्याचा धंदा. 1913 मध्ये त्या फ्रेंच कंपनीत त्याला पिस्टनच्या आकाराचा अॅल्युमिनियमचा पेपरवेट दिसला. आपण उचलून परत ठेवला असता. त्यानं तसले खरे पिस्टन बनवून घेतले आणि शर्यतीच्या ट्रॅकवर विक्रम केले.

पहिलं महायुद्ध लागलं आणि तो नौदलाच्या हवाई दलात गेला. पिस्टनचं गुपित त्यानं रोल्स-रॉईसलाही देऊन टाकलं. (हे लक्षात ठेवा.)

तेव्हा बऱ्याच लढाऊ विमानांत रोटरी इंजिन असायचं. प्रकार अजबच! क्रँकशाफ्ट विमानाला पक्का बसवलेला आणि सिलिंडरांचं अख्खं वर्तुळ पंख्यासकट गरगर फिरतंय. मग सांगा, फिरत्या सिलिंडरांत हवा घालायची कुठून? न फिरणाऱ्या भागातून. शाफ्ट पोकळ, त्याच्या मागच्या टोकाला कार्बोरेटर. तिथून हवा-पेट्रोलचं मिश्रण शाफ्टमधून मधल्या क्रँककेसमध्ये आणि पुढे नळ्यांमधून एकेका सिलिंडरपर्यंत. याच वाटेत वंगणही होतं आणि साधं तेल पेट्रोलमध्ये विरघळतं. म्हणून वापरायचे चक्क एरंडेल! ते उडायचं पायलटच्या तोंडावर. आजीनं कधी एरंडेल पाजलं असेल, तर पुढचं सांगायला नको.

जीवघेणा प्रश्न मात्र बाहेरच्या हवेचा होता. क्लर्जे इंजिनाच्या पोलादी सिलिंडरची वाऱ्याकडची बाजू थंड राहायची, मागची तापायची. सिलिंडर वेडावाकडा व्हायचा, गॅस अडवणारी पातळ कडी तुटायची आणि इंजिन आकाशात जाम. ब्रिटिश विमानांच्या पायलटना तेव्हा पॅराशूटही देत नसत.

बेंटलीनं सिलिंडर अॅल्युमिनियमचा केला, आत बिडाचा लायनर. उष्णता सारखी पसरू लागली. कॉव्हेंट्रीच्या हंबर कारखान्यात इंजिन उभं राहिलं : नऊ सिलिंडर, 150 हॉर्सपॉवर, वर क्लर्जेपेक्षा स्वस्त. सॉपविथ कॅमल विमानांना ते बसलं.

1919 मध्ये त्यानं कार कंपनी काढली. ल माँची 24 तासांची शर्यत त्याच्या गाड्यांनी पाचदा मारली. तिथेही हवेवरून वाद झालाच. ड्रायव्हर टिम बर्किनला सुपरचार्जरनं इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबायची होती, बेंटलीला त्यापेक्षा मोठं इंजिन बरं वाटायचं. बर्किनच्या ‘ब्लोअर’ गाड्या दिसायला भारी, पण ल माँ त्यांनी कधीच जिंकली नाही.

1931 मध्ये पैसा संपला. कंपनी विकत घेतली ती रोल्स-रॉईसनं, नावासकट. काही वर्षं त्यांच्याकडे नोकरी करून तो लॅगोंडात गेला. तिथे त्याच्या देखरेखीखाली देखणं व्ही-12 इंजिन बनलं. 1971 मध्ये तो वारला. 1931 नंतर निघालेली एकही बेंटली त्याच्या कंपनीची नव्हती.