पगारातून कापल्या जाणाऱ्या ईएसआयसीचं बाबासाहेबांशी नेमकं नातं काय?

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या कुणाचीही पगाराची स्लिप बघा. पीएफच्या खाली एक छोटी ओळ असते, ईएसआयसी. १६ हजार पगार असेल तर कामगाराचे १२० रुपये कापले जातात आणि कंपनी स्वतःच्या खिशातून ५२० रुपये भरते. म्हणजे पगाराच्या ०.७५ टक्के आणि ३.२५ टक्के. या पैशांवर कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार मिळतात. कामगार आजारी पडला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळते.

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला एक फॉरवर्ड फिरतो की ही योजना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणली. त्याच्याखाली कुणीतरी हमखास कमेंट करतं की कायदा १९४८ चा आहे आणि तेव्हा कामगार मंत्री जगजीवन राम होते. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. पण ही गोष्ट समजून घ्यायची तर थोडं मागं, परळच्या चाळीत जावं लागतं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करात होते. पुढं हे कुटुंब मुंबईत परळला आलं. आजूबाजूला सगळी गिरणी कामगारांची वस्ती. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून आलेला हा माणूस पुढंही बरीच वर्षं परळच्या बीआयटी चाळीत राहिला. गिरणी कामगार आजारी पडला की त्याचा पगार बंद होतो आणि सावकार सुरू होतो, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचायची गरज नव्हती.

घरातही आजारपणानं पाठ सोडली नव्हती. बाबासाहेब आणि रमाबाईंची चार मुलं लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न गेला तो १९२६ साली. यशवंत तेवढे वाचले. १९३५ मध्ये दीर्घ आजारानं रमाबाईही गेल्या.

आता पहिला मुद्दा. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यात काम करणाऱ्या बायांना बाळंतपणाची रजा आणि त्या काळात पैसे देणारं विधेयक आलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं की हा खर्च उद्योगांच्या डोक्यावर का टाकायचा? आमदार असलेले बाबासाहेब विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं ही देशाची गरज आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही, कारण तिच्या कामाचा फायदा तो घेतो, हेही ठणकावलं. १९२९ मध्ये हा कायदा झाला. आजाराचा खर्च सरकार, मालक की कामगार यापैकी कुणी भरायचा, हा आज जगभर चाललेला वाद त्यांच्या राजकारणात असा सुरुवातीलाच आला.

त्या कायद्यात एक मोठी भोकं पडलेली जागा होती. प्रत्येक गिरणी मालकानं आपापल्या कामगार बाईला पैसे द्यायचे होते. मग मालकाला सोपा मार्ग कुठला? बाई कामावर ठेवायचीच नाही. या खड्ड्याकडं पुन्हा यायचंय.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, त्यात कम्युनिस्टांसोबत ते उतरले होते. कामगार चळवळीशी त्यांचं भांडणही होतं. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतलं जात नव्हतं. कामगारांची एकी म्हणणाऱ्यांना बाबासाहेब याचा जाब विचारत राहिले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. आजच्या भाषेत केंद्रीय कामगार मंत्री. सोबत दुसरं महायुद्ध चालू होतं. आणि याच वर्षी जगात या विषयावर दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ब्रिटनमध्ये बेव्हरिज अहवाल आला आणि त्यातून पुढं सरकारी खर्चाची आरोग्यसेवा उभी राहिली. अमेरिकेत युद्धामुळं पगारवाढीवर बंधन आलं, तर कंपन्यांनी कामगार टिकवायला पगाराऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. तिथं नोकरी आणि विमा यांची गाठ अशी पक्की बसली की ती सोडवताना आजही तिथले राष्ट्राध्यक्ष दमतात.

भारतात काय झालं? मार्च १९४३ मध्ये बाबासाहेबांच्या खात्यानं प्रा. बी. पी. आडारकर या मराठी अर्थतज्ज्ञांवर काम सोपवलं. कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करा. १५ ऑगस्ट १९४४ ला अहवाल आला. विमा सक्तीचा हवा आणि त्यात वर्गणी हवी, हा त्याचा गाभा होता. सक्तीचा का? तर ऐच्छिक ठेवला की फक्त आजारी माणसं येतात, धडधाकट बाहेर राहतात आणि फंड बुडतो.

मग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव या तज्ज्ञांनी १९४५ मध्ये योजना तपासली. त्यांनी सुचवलेला एक बदल फार महत्त्वाचा होता. बाळंतपणाचा लाभ आणि अपघाताची भरपाई याच विम्यात आणा. म्हणजे पैसे एकट्या मालकाऐवजी सगळ्यांच्या सामायिक फंडातून जाणार. १९२९ च्या कायद्यातला तो खड्डा इथं बुजला. आजही जिथं ईएसआयसी लागू नाही, तिथं २६ आठवड्यांच्या रजेचा पगार कंपनीलाच द्यावा लागतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत मुलींना लग्नाचं का विचारतात ते यावरून कळतं.

याच काळात बाबासाहेबांनी दुसरा रस्ताही वापरून बघितला. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले. जानेवारी १९४४ च्या अखेरीस वटहुकूम निघाला आणि कोळशावर उपकर लावून खाण कामगारांच्या कल्याणाचा निधी उभा राहिला. इथं कामगाराच्या पगाराला हात लावलेला नव्हता. कोळसा निघाला की पैसे जमा, आणि त्यातून दवाखाने.

याच खात्याच्या काळात एक न पटणारी गोष्टही घडली. बायकांना खाणीत जमिनीखाली कामाला पाठवण्यावर बंदी होती, ती युद्धासाठी १९४३ मध्ये उठवली गेली. सभागृहात टीका झाली तेव्हा बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. आणीबाणीची वेळ आहे आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळतेय, असा त्यांचा बचाव होता. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा आली. जयंतीच्या पोस्टमध्ये हे नसतं, पण त्या खुर्चीत बसून काय काय करावं लागतं ते यातून दिसतं.

१९४६ च्या मध्यात ते मंडळातून बाहेर पडले. विमा विधेयक सभागृहात आलं ६ नोव्हेंबर १९४६ ला, हंगामी सरकारच्या काळात, आणि तेव्हा खातं जगजीवन राम यांच्याकडं होतं. कायदा झाला १९ एप्रिल १९४८ ला. त्याच्या चारच दिवस आधी, १५ एप्रिलला, मधुमेह आणि पायदुखीनं बेजार झालेल्या बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं होतं. त्या पुढं सविता आंबेडकर झाल्या. तेव्हा ते कायदामंत्री होते आणि राज्यघटनेचं काम अर्ध्यात होतं.

थोडक्यात काय, तर योजनेची आखणी त्यांच्या खात्यात झाली आणि कायदा नंतरच्या सरकारनं केला. त्यांना स्वतःला विम्याकडून याहून जास्त हवं होतं. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी विमा धंदा पूर्ण सरकारी करा आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाला कमाईच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा करा, अशी मागणी केली होती. घटनेत यातलं थेट काही आलं नाही. आजारपणात मदत आणि प्रसूती साहाय्य यांचा उल्लेख आला, पण मार्गदर्शक तत्त्वांत. म्हणजे त्यासाठी कोर्टात जाता येत नाही.

२४ फेब्रुवारी १९५२ ला नेहरूंनी कानपूरमध्ये योजनेचं उद्घाटन केलं. तेव्हा बाबासाहेब सरकारमध्ये नव्हते. हिंदू कोड बिलावरून राजीनामा दिलेला आणि लोकसभेची निवडणूक हरलेले. त्या काळात त्यांचं बरंच लक्ष औरंगाबादेत होतं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. जून १९५० मध्ये त्यांनी इथं कॉलेज सुरू केलं, १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाचं बांधकाम बघायला ते आजारी शरीर घेऊन इथं येऊन राहायचे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. तोवर शहरात कारखानदारी अशी नव्हतीच, एमआयडीसी, बजाज वगैरे सगळं नंतरचं.

आता शहरात चिकलठाण्याला राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे, आणि १९४८ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतलाय. पण एक अट अशी आहे की ती वाळूजच्या कुठल्याही कामगाराला तोंडपाठ असते. पगाराची मर्यादा २१ हजार रुपये. ती २०१७ च्या जानेवारीत ठरली. समजा मे महिन्यात पगार वाढून साडेएकवीस हजार झाला, तर वर्गणी सप्टेंबरपर्यंत कापली जाते, तिच्यावरचे लाभ पुढच्या जूनपर्यंत चालतात, आणि त्यानंतर कामगार योजनेच्या बाहेर. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो मिळतो, पण तोही नोकरी असेपर्यंतच.