भर कार्यक्रमात आवाज बसायचा, डॉक्टरांचा उपाय चालेना तेव्हा त्याने आरशात उत्तर शोधलं

नट असो की गायक, एक भीती सगळ्यांनाच असते. ऐन कार्यक्रमात आवाजाने दगा दिला तर?

ऑस्ट्रेलियातल्या फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडरच्या बाबतीत हे एकदा नाही, वारंवार व्हायला लागलं होतं.

त्याचा जन्म १८६९ चा, टास्मानिया बेटावरच्या वायन्यार्डजवळचा. लहानपणापासून तब्येत नाजूक, श्वासाचा त्रास. मोठा झाल्यावर कथलाच्या खाणीच्या कंपनीत कारकुनी केली, पैसे साठवले आणि मेलबर्न गाठलं. तिथे नाटकं आणि मैफली बघण्यात साठवलेले पैसे उडवले आणि ठरवून टाकलं की आपणही स्टेजवर जायचं.

त्या काळी शेक्सपिअरच्या नाटकांतले उतारे एकट्याने उभं राहून सादर करायचे कार्यक्रम जोरात चालायचे. माईक नव्हताच. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर सगळी भिस्त घशावर. अलेक्झांडरचं नाव होत होतं आणि तेवढ्यात घसा बसायला लागला. श्वास घेताना आवाज येतो, असंही लोक सांगू लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, कार्यक्रमाआधी दोन आठवडे आवाजाला पूर्ण विश्रांती द्या. त्याने दिली. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आवाज स्वच्छ होता, अर्ध्यावर येईपर्यंत पुन्हा बसला.

आता त्याने डॉक्टरांना सरळ प्रश्न टाकला. सुरुवातीला आवाज ठीक होता आणि नंतर बिघडला, म्हणजे मधल्या वेळात मी स्वतःच काहीतरी चुकीचं करत असणार ना? डॉक्टरांना ते पटलं. पण चुकतंय काय, ते काही त्यांना सांगता आलं नाही.

मग अलेक्झांडर आरशासमोर उभा राहिला.

साधं बोलताना काही वेगळं दिसेना. पण उतारा म्हणायला लागला की तीन गोष्टी व्हायच्या. डोकं मागे खेचलं जायचं, स्वरयंत्र खाली दाबलं जायचं आणि तोंडाने हापापल्यासारखा श्वास ओढला जायचा. नंतर नीट बघितल्यावर कळलं, साधं बोलतानाही हेच होतंय, फक्त कमी प्रमाणात.

श्वास आणि स्वरयंत्र थेट सुधारता येईना. डोकं मागे जाणं मात्र थोडंफार रोखता आलं, आणि तेवढ्यानेही बाकीचे दोन्ही दोष कमी झाले. म्हणून त्याने डोकं मुद्दाम पुढे ठेवून बोलायला सुरुवात केली.

खरी गंमत इथे आहे. खात्री करायला त्याने आणखी दोन आरसे दोन्ही बाजूंना लावले. त्यात बघितलं तर डोकं मागेच जात होतं! त्याला मात्र मनापासून वाटत होतं की ते पुढे आहे. म्हणजे आपलं शरीर काय करतंय याची आपल्याला होणारी जाणीवच चुकीची असू शकते. रियाझात हजार वेळा घोटलेली चूक शरीराला बरोबर वाटायला लागते, आणि दुरुस्ती केली की तीच चुकीची वाटते.

मामला फक्त मानेपुरता नव्हता. पायाने जमीन पकडून उभं राहा, असं एका शिक्षकाने त्याला शिकवलं होतं. तो इमानेइतबारे पायाची बोटं आवळायचा आणि तो ताण पाय, पाठ, मान करत घशापर्यंत पोचायचा.

यावर त्याने काढलेला उपाय विचित्र वाटेल असा होता. एखादं वाक्य बोलायचं ठरवायचं आणि लगेच बोलायचं नाही. मान मोकळी, डोकं पुढे आणि वर, पाठ लांब आणि रुंद, एवढ्या सूचना मनातल्या मनात देत राहायचं. मग ऐनवेळी नव्याने ठरवायचं, वाक्य बोलायचं, नुसता हात उचलायचा की काहीच करायचं नाही. कधी हात उचलायचा, कधी गप्प राहायचा. बोलायचंच आहे हा दट्ट्या गेला की जुनी सवय उसळी मारत नाही, हे त्याला सापडलं.

या खटाटोपात बराच काळ गेला, पण आवाज परत आला.

नंतर इतर नट त्याच्याकडे येऊ लागले. १९०४ मध्ये त्याने लंडन गाठलं. तिथे तो शिकवायचा ते हाताच्या हलक्या स्पर्शाने. आवाज सुधारायला आलेल्या माणसाला तो खुर्चीतून उठायला आणि परत बसायला लावायचा, कारण सवय तिथेही पकडता येते. तत्त्वज्ञ जॉन ड्युई, लेखक ऑल्डस हक्सली आणि ऐंशीच्या आसपास पोचलेले बर्नार्ड शॉ, सगळे त्याच्याकडे शिकले. १९३१ मध्ये त्याने शिक्षक तयार करायचा अभ्यासक्रम सुरू केला.

सगळं गोडगोड मात्र नव्हतं. १९१० च्या त्याच्या पहिल्या पुस्तकात इतर वंशांच्या लोकांना कमी लेखणारे विचार आहेत, ते आज वाचवत नाहीत. तब्येतीबद्दलचे त्याचे दावेही मोठे असायचे. १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका नियतकालिकाने त्याला भोंदू ठरवलं. त्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. खटला तोंडावर असताना, १९४७ च्या डिसेंबरमध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. वय होतं ७८. त्यातून तो उठला, पुन्हा शिकवायला लागला आणि १९४८ मध्ये १००० पौंडांची भरपाईही जिंकला. १० ऑक्टोबर १९५५ ला लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

१९७३ मध्ये निको टिनबर्गन यांनी नोबेल स्वीकारतानाच्या भाषणाचा मोठा भाग या पद्धतीवर खर्च केला. २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५७९ रुग्णांवरचा अभ्यास आला. जुनाट पाठदुखीवर २४ धड्यांनी वर्षभरानंतरही फरक दिसला होता. दम्यावर मात्र ही पद्धत चालते याला पुरेसा पुरावा नाही. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक आणि न्यूयॉर्कचं ज्युलियार्ड इथे ती विद्यार्थ्यांना शिकवली जाते. तिचं नाव अलेक्झांडर टेक्निक.