वाद्यवृंदाची संचालिका : आंतोनिया ब्रिको

सतार वाजविणाऱ्याची सतार त्याच्या घरी असते. मनात येईल तेव्हा तो तिच्या तारा जुळवितो आणि घटकाभर मेहनत करतो. पाश्चात्त्य संगीतात मात्र एक कलावंत असा असतो, की ज्याला घरी बसून आपले वाद्य वाजविता येत नाही. व्हायोलिन, बासरी, तुतारी, नगारा अशी नाना वाद्ये घेऊन बसलेल्या शंभर-शंभर वादकांपुढे तो उभा राहतो. लय किती ठेवावयाची, स्वर कोठे चढवावयाचा, कोणत्या वाद्याने कोणत्या क्षणी सुरुवात करावयाची, हे सारे तो हातातील लहानशा छडीने दाखवितो. तो वाद्यवृंदाचा संचालक होय. तो संपूर्ण वृंद हेच त्याचे वाद्य. इतकी माणसे त्याच्यापुढे बसावयास राजी झाली, तरच त्याची कला प्रकट होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम पुरुषांचेच, अशी सर्वांची समजूत होती. त्या काळी परक्या घरी वाढलेल्या एका मुलीने या छडीचा ध्यास घेतला. तिचे नाव आंतोनिया ब्रिको.

आंतोनियाचा जन्म २६ जून १९०२ रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी झाला. बालपणीच ती एका दांपत्याच्या घरी वाढू लागली. त्यांनी तिचे नाव बदलून विल्हेल्मिना असे ठेवले आणि १९०८ च्या सुमारास ते तिला घेऊन अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात राहावयास गेले. त्या घरी तिला माया फारशी लाभली नाही. तिला नखे कुरतडण्याची सवय होती. ती मोडावी म्हणून एका डॉक्टरांनी पियानो शिकविण्याचा सल्ला दिला. सवय मोडण्यासाठी दिलेला हा उपाय तिच्या जीवनाचा आधार झाला. पुढे तिने आपले जन्मनाव पुन्हा धारण केले आणि १९२३ साली बर्कले येथील विद्यापीठाची पदवी मिळविली.

पियानोवादनात तिची प्रगती उत्तम होती. पण मन रमले होते ते वाद्यवृंदात. स्त्रीला हे साधणार नाही, असे जो तो सांगे. अशा वेळी पुष्कळांचा धीर सुटतो. आंतोनियाने १९२७ साली जर्मनीची वाट धरली. बर्लिन येथील राज्य संगीत अकादमीत वृंदसंचालनाचा उच्च अभ्यासक्रम होता. तो १९२९ साली पूर्ण करणारी ती पहिली अमेरिकन व्यक्ती ठरली. कार्ल मुक या नामांकित संचालकांचे मार्गदर्शनही तिला लाभले. १९३० च्या आरंभी जगद्विख्यात बर्लिन फिल्हार्मोनिक वाद्यवृंदापुढे ती छडी घेऊन उभी राहिली. त्या वेळी तिचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचेही तिने संचालन केले.

एकदा यश मिळाले म्हणजे पुढची वाट सोपी होते, असे आपण मानतो. आंतोनियाबाईंच्या बाबतीत तसे घडले नाही. १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे कार्यक्रम चालू असता एका प्रसिद्ध गायकाने स्त्रीच्या संचालनाखाली गाण्याचे नाकारले. मोठ्या वृंदांत वादक स्त्रियांनाही क्वचितच जागा मिळे. तेव्हा १९३४ साली बाईंनी केवळ स्त्रियांचा वाद्यवृंद उभा केला. तुतारी आणि नगारेही स्त्रियाच वाजवू लागल्या. श्रोत्यांनी वाहवा केली. १९३८ मध्ये न्यूयॉर्क फिल्हार्मोनिकचे संचालन करून तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१९३९ मध्ये त्यांनी आपल्या वृंदात पुरुषांनाही प्रवेश दिला. स्त्रिया व पुरुष शेजारी बसून तितक्याच तोलाचे वादन करू शकतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. परंतु केवळ स्त्रियांचा वृंद ही नवलाई संपताच लोकांचे कुतूहल ओसरले आणि तो वृंद फार काळ टिकला नाही. लोकांना नवलाई हवी होती; बाईंना न्याय हवा होता.

१९४२ मध्ये त्या डेन्व्हर शहरी येऊन राहिल्या. तेथील मुख्य वाद्यवृंदाचे पद काही त्यांना लाभले नाही. म्हणून त्यांनी छडी खाली ठेवली नाही. दिवसा आपापला उद्योग करून सायंकाळी वादनास जमणाऱ्या हौशी वादकांचा एक वृंद त्या शहरात होता. तो त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळला. घरी त्या मुलांना पियानो शिकवीत. युरोपात मात्र त्यांची चाहा होती. फिनलंडचे थोर रचनाकार सिबेलियस यांनी त्यांना हेलसिंकीच्या वृंदाचे संचालन करण्यास बोलाविले. तरीही वर्षाकाठी चार-पाचच कार्यक्रम वाट्यास यावेत, याचे शल्य त्यांना जन्मभर होते.

त्यांच्याकडे बालपणी पियानो शिकलेली ज्युडी कॉलिन्स पुढे नामवंत गायिका झाली. १९७४ साली तिने आपल्या गुरूंच्या जीवनावर एक माहितीपट काढला. तो पाहून लोकांना या विस्मृत संचालिकेची आठवण झाली आणि मोठमोठ्या वृंदांची निमंत्रणे येऊ लागली. १९७५ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्या न्यूयॉर्कच्या रंगमंचावर पुन्हा उभ्या राहिल्या.

३ ऑगस्ट १९८९ रोजी डेन्व्हर येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील एका प्रमुख वाद्यवृंदाचे मुख्य संचालकपद एका स्त्रीकडे प्रथमच आले, ते २००७ साली बाल्टिमोर शहरात. ते पाहावयास आंतोनियाबाई नव्हत्या. परंतु ज्या वाटेने ती स्त्री त्या पदापर्यंत पोहोचली, त्या वाटेवरील काटे पुष्कळ आधी कोणीतरी आपल्या हातांनी दूर केले होते.