परतवाड्याचा वाटाड्या : गो. नी. दांडेकर

सहलीला निघण्यापूर्वी आपण काय करतो? डबा बांधतो, पैसे मोजतो, गाडीची वेळ विचारतो. गेल्या वर्षी आमची सहल लोणावळ्याकडे जायची ठरली, तेव्हा मराठीच्या सरांनी आणखी एक काम सांगितले. राजमाची पाहायची असेल तर आधी ‘माचीवरला बुधा’ वाचा, असे त्यांचे म्हणणे होते. मी ग्रंथालयातून ते लहानसे पुस्तक आणले आणि दोन रात्रींत संपविले. मुंबई सोडून माचीवर एकटा राहायला गेलेला तो म्हातारा माझ्या इतका ओळखीचा झाला, की गडावर पोचल्यावर माझे डोळे त्याचीच झोपडी शोधू लागले.

सह्याद्री असा दाखविणारा लेखक पुण्या-मुंबईकडचाच असणार, अशी माझी समजूत होती. सरांनी ती दूर केली. गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजे सर्वांचे गोनीदा, यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी आपल्या अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याला झाला. चिखलदऱ्याला जाताना आपण ज्या गावी एस. टी. बदलतो, तेच हे परतवाडा!

स्वातंत्र्यलढ्याचे ते दिवस होते. लढ्यात उडी घ्यायची म्हणून गोपाळने वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडले आणि शाळाही सोडली. तेव्हा तो सातवीत होता. पुढे वर्षानुवर्षे भटकंती झाली. या भटकंतीत त्यांना गाडगेबाबांचा सहवास लाभला. बाबाही याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडणाऱ्या या संताचा संदेश गोनीदांनी गावोगावी पोचविला. नंतर त्यांनी वेदान्ताचा अभ्यास केला, नर्मदेची परिक्रमाही केली. परिक्रमेच्या अनुभवातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी जन्माला आली.

१९४७ साली त्यांनी केवळ लेखनावर जगण्याचा निश्चय केला. पदवी नाही, नोकरी नाही, अशा माणसाने मराठीत लिहून संसार चालवायचा, हे धाडस किल्ला चढण्यापेक्षा लहान नव्हते. तळेगाव दाभाडे येथे राहून त्यांनी ते पार पाडले. त्यांची लिहिण्याची रीत अशी, की आधी पाय त्या भूमीला लागायचे आणि मग लेखणी कागदाला. म्हणून ‘शितू’त कोकणची खाडी आहे, ‘पवनाकाठचा धोंडी’त मावळ आहे आणि ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांचे रान आहे. या शेवटच्या कादंबरीवर १९७७ साली डॉ. जब्बार पटेल यांनी काढलेला चित्रपट आजही आवडीने पाहिला जातो. त्याच वर्षी आलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा उभे केले. त्याच्याशीही गोनीदांचे नाव जोडलेले आहे. किल्ल्यांवर तर त्यांचे इतके प्रेम, की त्यांची दुर्गांवरील पुस्तके वाचून कितीतरी तरुणांनी गडांची वाट धरली.

१९७६ साली ‘स्मरणगाथा’ या त्यांच्या आत्मकथनपर पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्याला भरले, त्याचे अध्यक्ष गोनीदाच होते. सातवीतून शाळा सोडून गेलेला मुलगा वऱ्हाडात परत आला, तो सारस्वतांच्या मेळ्याचा अध्यक्ष होऊन! १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रावरून शाळा सोडली तरी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. माझे वडील चौथीतच शाळेबाहेर पडले. त्यांनी शाळा सोडली नव्हती, त्यांची ती सुटली होती. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर देताना माझ्या तोंडून ‘करून राह्यलो’ असे निघाले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्यानंतर कित्येक दिवस मी वर्गात तोंड उघडले नाही.

राजमाचीहून आल्यावर मी गोनीदांची ‘पूर्णामायची लेकरं’ ही कादंबरी मिळविली. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाण्यातून वाहत तापीला मिळणारी आपली पूर्णा, आणि तिच्या काठची आपली वऱ्हाडी बोली! ज्या बोलीची मला लाज वाटत होती, ती एवढ्या मोठ्या लेखकाने मानाने कादंबरीत बसविली होती. मायला वाचता येत नाही. एका रात्री मी तिला त्यातली काही पाने मोठ्याने वाचून दाखविली. आपल्यासारखे बोलणे पुस्तकात छापतात, याचे तिला आधी नवल वाटले. मग ती हातातले काम ठेवून ऐकत बसली.

आता बाहेरगावचा कोणी मित्र वऱ्हाडात येतो म्हणाला, तर मी त्याला आधी ‘पूर्णामायची लेकरं’ वाचायला सांगतो आणि ‘देवकीनंदन गोपाला’ पाहायला सांगतो. वर्गात उत्तर द्यायलाही मी पुन्हा उभा राहू लागलो आहे.